वाढत्या मुलाचं वाढलेलं वजन : पहिल्या तीन महिन्यांत घराने काय करायचं

गेल्या वर्षी जूनमध्ये गणवेशाच्या दुकानातल्या माणसाने माझ्या मुलाकडे एकदा पाहिलं आणि शिडीला हात न लावताच सांगितलं, "वहिनी, शाळेच्या साइजमध्ये नाही बसणार. मोठ्यांच्यात छत्तीस बघूया." मुलगा तेव्हा १४ वर्षांचा, नववीत जाणारा. पँट कमरेला बसली, पाय हातभर लांब. दुकानदाराने ते दुमडून आत शिवून दिले. येताना रिक्षात तो पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसला होता आणि त्या रात्री जेवला नाही.

मी केलं ते बहुतेक आया करतात तेच. सोसायटीच्या ग्रुपवर कधीतरी आलेला डाएट चार्ट शोधून काढला. भात बंद, बटाटा बंद, रात्री फक्त सूप. नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी दप्तर झटकताना भूगोलाच्या पुस्तकातून चिप्सची चार रिकामी पाकिटं पडली, चपटी करून नीट घडी घातलेली. खाल्ल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. ती घडी बघून मात्र पोटात गोळा आला. नऊ दिवसांत मी त्याला चोरून खायला शिकवलं होतं.

त्यानंतर जे केलं ते डॉक्टरांना विचारून, चुकतमाकत केलं. तेच क्रमाने सांगते. १३ ते १७ वयाची मुलं-मुली डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. आमचं घर पाचपाखाडीत आहे, म्हणून उदाहरणं ठाण्याची.

आधी डॉक्टर, काटा नंतर

वाढत्या मुलाचं वजन मोठ्यांच्या मापाने मोजता येत नाही. बीएमआय काढायचं गणित तेच: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ६८ किलो आणि १६२ सेंटीमीटर असेल तर ६८ ला १.६२ गुणिले १.६२ ने भागायचं, उत्तर येतं २५.९. पण १४ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा आकडा एकटा काही सांगत नाही. तो वय आणि मुलगा की मुलगी हे बघून वाढीच्या तक्त्यावर मांडावा लागतो. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५ चे तक्ते त्यासाठी आहेत. त्यावर मोठेपणीच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा असतात. पहिलीच्या वर गेलं की वजन जास्त, दुसरीच्या वर गेलं की लठ्ठपणा. बालरोगतज्ज्ञ हे दोन मिनिटांत करून दाखवतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पालिकेचा बालरोग विभाग आहे.

जाताना लहानपणापासूनच्या उंची-वजनाच्या जेवढ्या नोंदी सापडतील तेवढ्या घेऊन जा. लसीकरणाचं कार्ड, शाळेचं आरोग्य कार्ड, काहीही. नुसत्या जास्त खाण्याने जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. वजन वाढतंय आणि उंची थांबली आहे असं दिसलं तर डॉक्टर थायरॉइड आणि इतर हार्मोन्सकडे बघतात. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगायचं. मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखा लिहून न्या. मूल रात्री मोठ्याने घोरत असेल, गुडघा किंवा जांघ दुखून लंगडत असेल, तर ते विचारायची वाट न बघता सांगा.

आणि मान. आमच्याकडे मानेवर मागच्या बाजूला काळा, मखमलीसारखा जाड पट्टा आला होता. मी वर्षभर त्याला "नीट घासून अंघोळ कर" म्हणत होते. रविवारी बेसन-दही लावून स्वतः चोळतही होते. डॉक्टरांनी कॉलर खाली ओढून बघितलं आणि म्हणाले, "हा मळ नाही, चोळू नका." शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसलं की मानेवर, काखेत अशी त्वचा दिसते. मग उपाशीपोटी साखर, यकृताची चाचणी आणि रक्तातल्या चरबीचं प्रमाण एवढ्या तपासण्या झाल्या, रक्तदाब मोजला. ज्या आया आत्ता बेसन भिजवतायत, त्यांच्यासाठी हे खास लिहिलं.

दवाखान्यातून आणलेली खरी गोष्ट मात्र एक वाक्य होतं. "याचं वजन उतरवायच्या मागे लागू नका. आहे तिथे थांबवा, उंची येऊ दे." वाढीच्या वयात वजन तेवढंच राहिलं आणि उंची चार-पाच सेंटीमीटर वाढली तर बीएमआय आपोआप खाली येतो. हे सगळ्यांना लागू नाही. ज्यांचं वजन फारच जास्त आहे किंवा ज्यांची उंची वाढून संपली आहे, त्यांना वजन हळूहळू उतरवावं लागतं. पण ते किती आणि केवढ्या वेगाने, हे डॉक्टर ठरवतील. "महिन्यात आठ किलो" अशी पत्रकं स्टेशनबाहेर वाटतात, ती थेट कचऱ्यात.

पहिला आठवडा : फक्त बघायचं

सात दिवस काहीही बदलू नका. एक वही घ्या आणि मुलाला स्वतःला लिहू द्या: किती वाजता, काय, कुठे, कोणाबरोबर आणि खरंच भूक होती का. कॅलरी लिहायच्या नाहीत. या वयात आकड्यांचा नाद लागला की तो सुटत नाही. आणि वहीवर ओरडायचं नाही, नाहीतर वही खोटी होते.

मला वाटलं होतं, घोळ घरातल्या जेवणात असेल. वहीत दिसलं ते वेगळंच. सकाळी काही न खाता शाळा. डबा अर्धा परत. दुपारी दोनला जेवण, तेही मोबाइल बघत. साडेपाचला क्लास. क्लासखाली वडापावची गाडी, एक वडापाव आणि मित्राच्या पाकिटातली मूठभर शेव. साडेआठला घरी, जेवण दहाला, अकरा वाजता पुन्हा फ्रिज. म्हणजे दिवसाचं निम्मं खाणं संध्याकाळी साडेपाचनंतर होत होतं, आणि त्याचं मूळ सकाळच्या रिकाम्या पोटात होतं. तुमच्या घरी वेगळं निघेल. कुणाच्या वहीत आजी निघते, कुणाच्या वहीत रविवारचं ऑनलाइन मागवणं.

दुसरा आणि तिसरा आठवडा : पाच वाजताची भूक

सगळं एकदम बदलू नका. एकच जागा धरा. आमच्याकडे ती क्लासच्या आधीची वेळ होती.

शाळेतून दुपारी आलेलं वाढतं मूल पाच वाजता भुकेलं असणारच, त्यात त्याची चूक नाही. त्या भुकेला घरात काही मिळालं तर गाडीवरचा वास थोडा कमी ओढतो. सफरचंदाच्या चार फोडींनी हे काम होत नाही, मी करून पाहिलं. पोटाला आधार देणारं हवं. मुगाची दोन धिरडी. पोळीत गुंडाळलेलं अंडं. आदल्या रात्री भिजवलेले आणि कुकरला लावलेले चणे, कांदा-टोमॅटो-लिंबू घालून. सकाळच्या मटकीच्या उसळीत कुरमुरे टाकून केलेली भेळ. भाजणी घरात असेल तर थालीपीठ, वर दही. यातलं बहुतेक सगळं तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला स्वतः करता येतं. माझा धिरडी घालायला शिकला. पहिली चार तव्याला चिकटली, पाचवं आबांना वाढलं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयात मुलाला दिवसाला ४५ आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, पेलाभर दुधातही जवळपास तेवढीच. सकाळी चहा-बिस्किट आणि दुपारी बटाट्याची भाजी-पोळी असं चाललं असेल तर हिशेब कुठेच लागत नाही, आणि मूल दिवसभर भुकेलं राहतं. म्हणून सकाळीही काहीतरी हवंच. उठल्या उठल्या जात नसेल तर डब्यात दोन कप्पे द्या, लहान सुट्टीसाठी वेगळा.

ताट

भात बंद करायची गरज नाही. पोळीही नाही. वाढायचा क्रम बदला. ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी, ताटाचा निम्मा भाग भरेल एवढी. मग आमटी, उसळ, अंडं किंवा मासे. उरलेल्या जागेत भात किंवा पोळी-भाकरी. कढया-पातेली टेबलावर मांडायची नाहीत, ओट्यावरच ठेवायची. ज्याला हवं तो उठून घेईल. एवढ्या एका बदलाने आमच्या घरातला "अजून घे ना" बंद झाला, कारण म्हणायला हाताशी पळी नव्हती.

घरातल्या तेलाचा हिशेब एकदा करून बघा. माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम धरलं तर चार माणसांच्या घरात महिन्याला ३ ते साडेतीन किलो पुरायला हवं, त्यात तूप-लोणीही आलं. आमच्याकडे नुसतं तेलच पाच लिटर लागत होतं. फोडणी कमी करायची म्हणजे चव घालवायची असं नाही. मोजून घालायला चमचा ठेवा, पिशवीतून थेट कढईत ओतू नका.

आणि हे सगळ्यांच्या ताटाला. मुलाला भाकरी आणि बाकीच्यांना पुरी, हे चालणार नाही. आमच्याकडे बाबांचं रात्रीचं फरसाण हा सर्वात अवघड प्रश्न होता. तो अजून पुरता सुटलेला नाही, डबा फक्त वरच्या फळीवर गेलाय.

पेयं

हा भाग छोटा आहे आणि फायदा सर्वात मोठा. २५० मिलीच्या शीतपेयाच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५. एका बाटलीत त्या ५ टक्क्यांतला बहुतेक वाटा संपतो. आंब्याच्या पॅकबंद पेयांचीही तीच कथा, चित्रात कितीही हापूस असू दे. दुधात घालायच्या "उंची वाढवणाऱ्या" पावडरींचा डबा उलटा करून साखर वाचा, आणि वाचताना "प्रति १०० ग्रॅम"चा रकाना बघा. घरात पाणी, ताक, कोकमाचं आगळ, कमी साखरेचं लिंबू सरबत. बाटल्या घरात आणायच्याच नाहीत. बाहेर कधी प्यायला तर प्यायला.

हलणं

५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज सरासरी ६० मिनिटांची आहे, दम लागेल अशा हालचालीची. त्यातले किमान तीन दिवस स्नायू आणि हाडांना ताण देणारं काहीतरी हवं. ऐकून घाबरायला होतं. जे मूल सध्या शून्य मिनिटं हलतंय, त्याने १५ पासून सुरू करावं आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवावी. तुकड्यांत झालं तरी चालतं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. एवढा दम पुरे.

जागेचं बोलायचं तर ठाण्याने तलाव दिलेत ते वापरा. पालिका मुख्यालयाजवळच्या कचराळी तलावाभोवती चालायचा ट्रॅक आहे आणि सकाळी साडेसहाला तिथे आजोबांची एवढी गर्दी असते की एकटं पडल्यासारखं वाटत नाही. उपवनला मोकळं वाटतं. तिथून येऊरचा चढ सुरू होतो. तो सुट्टीच्या दिवशी, उजाडल्यावर आणि मोठ्या माणसाबरोबर, कारण तो संजय गांधी नॅशनल पार्कचा भाग आहे आणि बिबट्याचं घर. मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, संध्याकाळी टाळावा हे माझं मत. चालणं एक फेरी आणि खाणं तीन गाड्या, असं होतं.

सायकल घोडबंदर रोडला नको. सोसायटीच्या आत चालवा. मूल बरंच जड असेल तर पहिल्या महिन्यात दोरीच्या उड्या आणि पळणंही नको, गुडघे बोलतात. चालणं आणि पोहणं बरं. पालिकेच्या तरणतलावाची बॅच मिळाली तर सोन्याहून पिवळं, पाण्यात वजन जाणवत नाही. ताकदीसाठी जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात लावून दंड १०, आणि हळू घातलेले सूर्यनमस्कार. तीन सूर्यनमस्कारांपासून सुरुवात करून आम्ही दिवाळीपर्यंत बारावर गेलो. मी सातला थांबले.

जून ते सप्टेंबरचा प्रश्न वेगळा. पाऊस लागला की सगळं बंद पडतं आणि पुन्हा सुरू होत नाही. पावसाची जागा आधीच ठरवून ठेवा. आमची इमारत सात मजली. लिफ्ट सोडून जिन्याने दोन वेळा वर-खाली, मग घरात संगीत लावून २० मिनिटं नाच. खालच्या काकूंनी तक्रार केली, तेव्हा सहानंतर नाचायचं ठरलं.

हा भाग मुलांनी स्वतः वाचावा

आई-बाबांना बाजूला कर.

तुला कोणी जाड्या, मोटू, टेडी म्हणत असेल तर ते हसण्यावारी न्यायचं बंधन तुझ्यावर नाही. "मला हे आवडत नाही" एवढं एकदा सरळ म्हण. थांबलं नाही तर वर्गशिक्षकांना सांग. ही चुगली नाही.

वडापाव सोडायचा नाही. रोजचा वडापाव आठवड्याचा कर आणि वार तूच ठरव. मामलेदारची मिसळ मित्रांबरोबर खायला गेलास तर खाऊन ये, घरी येऊन पापाची कबुली द्यायची गरज नाही. तर्री कमी माग, जादा पाव सोड, झालं. चार मित्र गाडीवर उभे असताना तू एकटा उपाशी उभा राहिलास तर तिसऱ्या दिवशी दोन खाशील. पोट भरलेलं असताना तिथे उभं राहणं सोपं जातं, म्हणून ती पाच वाजताची धिरडी.

इंस्टावरचे काका जे करतात ते करू नकोस: १६ तास उपाशी राहणं, कीटो (भात-पोळी जवळपास बंद, भर स्निग्ध पदार्थांवर), चरबी जाळणाऱ्या गोळ्या, डिटॉक्स पाणी, डॉक्टरांना न विचारता प्रोटीन पावडर. तुझी हाडं अजून लांब होतायत, त्यांना खाणं लागतं. मुलींनो, वयात येताना मांड्या-नितंबांवर थोडी चरबी चढणं हा शरीराचा ठरलेला कार्यक्रम आहे, आजार नाही.

झोप ८ ते १० तास. तुला हे अशक्य वाटेल, पण रात्री साडेअकराची जी भूक लागते ती बऱ्याचदा जागरणाची असते. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव. आई-बाबांनीही आपले तिथेच लावावेत अशी अट घाल. मी ती मान्य केली आहे.

सण, पाहुणे आणि आजी

गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ, मे महिन्यात आमरस. बंदी घातली की चोरी सुरू होते, हे मी भूगोलाच्या पुस्तकात शिकले. ताटलीत वाढून, बसून, सगळ्यांबरोबर खायचं. डब्यात हात घालून, टीव्हीसमोर, उभ्याने नाही. फराळ यंदा निम्म्या मापाने करा, कुणाच्या लक्षातही येत नाही. उपवासाच्या दिवशी वजन कमी होतं हा गैरसमज साबुदाण्याची खिचडी बघून स्वतःच दूर करा.

पाहुण्यांनी "काय रे, किती सुटलायस" म्हटलं तर उत्तर आईने द्यायचं, मुलाने नाही. मी म्हणते, "त्याच्या तब्येतीचं आमचं आणि डॉक्टरांचं चाललंय, तुम्ही चहा घ्या." आजीशी भांडू नका. तिला काम द्या. आमच्या आजींकडे कोशिंबिरीचं खातं दिलं, तेव्हापासून ताटात रोज वेगळी कोशिंबीर येते आणि साजूक तुपाची धार आपोआप पातळ झाली.

कधी थांबायचं

मूल जेवण टाळायला लागलं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन वेळ लावायला लागलं, दिवसातून चार वेळा काट्यावर उभं राहायला लागलं, खाणं लपवायला लागलं, चक्कर यायला लागली, मुलीची पाळी चुकली किंवा वजन भराभर उतरलं, तर "चांगलं चाललंय" म्हणून खूश होऊ नका. सगळे नियम बंद करून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मन उदास राहत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही. ही दुखणी जाड मुलांनाही होतात.

मोजायचं काय

काटा महिन्यातून एकदा, शक्यतो दवाखान्यातलाच. घरातला काटा आम्ही माळ्यावर टाकला. कमरेचं माप दर महिन्याला घ्या. ते उंचीच्या निम्म्याच्या आत यावं, म्हणजे १६० सेंटीमीटर उंचीला ८० च्या आत. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीची खूण करा. बाकी नोंदी जिन्याच्या: कितव्या मजल्यावर थांबावं लागलं. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात तिसरा मजला आहे, ऑक्टोबरमध्ये "न थांबता" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे वही घेऊन परत जायचं. तोपर्यंत वजन एक किलोने वाढलेलं दिसलं तरी रडू नका, उंचीची खूण आधी बघा. मध्ये परीक्षा येतील, लग्नं येतील, दहा दिवस सगळं सुटेल. अकराव्या दिवशी पुन्हा पाच वाजताच्या धिरड्यांपासून सुरुवात, पहिल्यापासून सगळं नाही.

यंदा जूनमध्ये गणवेश काढला. तीच छत्तीसची पँट. कमरेला बसली, किंचित सैलच, आणि खाली घोट्याच्या वर चार बोटं. शिंप्याकडे न जाता मीच आतली दुमड उसवली. दुकानदाराने आत बरंच कापड सोडलं होतं.